बिनपगारी मैलकुली

माझे वडील मैलकुली होते. आजच्या मुलांना हा शब्द ठाऊक असण्याचे कारण नाही. सरकारी रस्त्याचे तुकडे पाडून एकेका तुकड्याची राखण एकेका माणसाकडे सोपवलेली असे, तो मैलकुली. खड्ड्यांत खडी-मुरूम भरावा, पावसाच्या आधी गटारे उपसावी, दरड आली तर वर्दी द्यावी, मैलाच्या दगडाला चुना लावावा, ही त्याची कामे. कऱ्हाडहून चिपळूणला उतरणाऱ्या कुंभार्ली घाटातला एक तुकडा वडिलांकडे चोवीस वर्षे होता. त्या रस्त्याला इतिहास असू शकतो आणि त्यात आपल्या बापालाही चार ओळींची जागा मिळू शकते, असे आमच्या घरात कोणाच्या स्वप्नातही आले नव्हते. रस्ता म्हणजे दुसरीकडे जाण्याची सोय. त्याच्याकडे पाहतो कोण?

मी चार बुके शिकलो आणि एका सरकारी कचेरीत ट्रेसर म्हणून चिकटलो. नकाशे काढता काढता आरेखक होऊन निवृत्त झालो. म्हणजे बापाने रस्ता राखला आणि मुलाने तो कागदावर काढला. तरीही नुसत्या रस्त्यांचा इतिहास लिहिणारी माणसे जगात आहेत, हे मला कळले ते सत्तरी ओलांडल्यावर, आणि तेही सातासमुद्रापलीकडे, एका आठ मैलांच्या रस्त्यावर.

त्याचे असे झाले. माझा मुलगा अमेरिकेत मिशिगन राज्यात डेट्रॉइटजवळ राहतो. २०१९ च्या उन्हाळ्यात आम्ही उभयता त्याच्याकडे गेलो होतो. एके दिवशी सगळे मिळून उत्तरेकडे निघालो. पाऊणशे नंबरच्या महामार्गावरून तासन्‌तास गाडी चालली होती. माझा तेरा वर्षांचा नातू मागे बसून मला शिकवत होता, "आजोबा, विषम आकडा म्हणजे दक्षिणोत्तर रस्ता, सम आकडा म्हणजे पूर्वपश्चिम." रस्त्याच्या टोकाला गाडी ठेवली आणि बोटीने मॅकिनॉ नावाच्या बेटावर उतरलो. उतरताच घोड्यांच्या लिदीचा वास आला आणि सौभाग्यवती म्हणाली, "अहो, हे तर माथेरान!" खरेच माथेरान. या बेटावर १८९८ पासून मोटारींना बंदी आहे. घोडा, सायकल नाहीतर स्वतःचे पाय. आगीचा बंब आणि रुग्णवाहिका यांना तेवढी मुभा.

बेटाच्या कडेकडेने सरोवराच्या काठाने एक सुरेख रस्ता फिरतो. त्यावर चालताना एक पाटी दिसली : एम १८५. नातू म्हणाला, "हा राज्य महामार्ग आहे." मी हसलो. जिथे मोटारच नाही तिथे महामार्ग कसला? त्याने खिशातून फोन काढला आणि विकिपीडिया या इंटरनेटवरच्या ज्ञानकोशातला लेख वाचून दाखवला. लांबी सुमारे आठ मैल; राज्य महामार्ग म्हणून नोंद १९३३ सालची; कोणते वळण कोठे, रस्ता कोणापासून सुरू होऊन कोणाला येऊन मिळतो, तर स्वतःलाच. प्रत्येक विधानाच्या शेवटी बारीक आकडा आणि त्या आकड्याखाली पुरावा. आमच्या कचेरीतली कागदपत्रे इतकी नीटनेटकी असती तर माझ्या वरिष्ठांचे रक्तदाब उतरले असते.

"कोणी लिहिले हे?" मी विचारले.

"कोणीही," नातू म्हणाला. "ज्याला वाटले त्याने."

मग त्याने 'इतिहास' असे लिहिलेल्या जागी बोट लावले. पडद्यावर एक लांबलचक यादी उघडली. लेखातली प्रत्येक दुरुस्ती, तिची तारीख, वेळ, आणि ती करणाऱ्याचे टोपणनाव. एकाने स्वल्पविराम हलवला होता. एकाने लांबीतला दशांश सुधारला होता. एका पैचीही प्राप्ती नसताना ही माणसे रात्रीबेरात्री या आठ मैलांची डागडुजी करीत होती. मला एकदम वडिलांची आठवण झाली. हे तर मैलकुलीच. फरक एवढाच की यांना मस्टरवर सही नाही.

घरी परतल्यावर उरलेले दोन महिने मी याच नादात काढले. जे कळले ते सांगतो.

हा ज्ञानकोश १५ जानेवारी २००१ रोजी सुरू झाला. जिमी वेल्स आणि लॅरी सँगर हे त्याचे जनक. त्याआधी त्यांनी विद्वानांकडून लेख लिहवून घेऊन, सात पायऱ्यांच्या चाळणीतून काढून, मगच प्रसिद्ध करायचा असा न्यूपीडिया नावाचा कोश काढून पाहिला होता. पहिल्या वर्षात लेख तयार झाले जेमतेम वीस-एकवीस! तेव्हा त्यांनी दार सताड उघडले. कोणीही यावे, लिहावे, दुसऱ्याचे सुधारावे. अशा पानांना 'विकी' हे नाव १९९५ साली वॉर्ड कनिंगहॅम या गृहस्थाने दिले. हवाई बेटांच्या भाषेत त्याचा अर्थ 'झटपट'. आणि होनोलुलूच्या विमानतळावर प्रवाशांची ने-आण करणाऱ्या बसगाडीचे ते नाव होते. म्हणजे या कोशाच्या नावातच एक बस धावते आहे. तीत रस्तेवेडे येऊन बसले, यात नवल ते काय?

आपल्याकडे कोशकार म्हटले की डोळ्यांसमोर श्रीधर व्यंकटेश केतकर उभे राहतात. कॉर्नेल विद्यापीठात शिकून आलेल्या या माणसाने गावोगाव वर्गणीदार गोळा करीत १९२० च्या दशकात महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे तेवीस खंड उभे केले. पुढे वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या देखरेखीखाली मराठी विश्वकोशाचे काम झाले. त्याचा पहिला खंड १९७६ साली निघाला. हे विद्वानांचे यज्ञ. परंतु बिनपगारी हौशी माणसांनी ज्ञान गोळा करण्याची परंपराही जुनीच आहे. ऑक्सफर्डच्या प्रचंड इंग्रजी शब्दकोशासाठी शेकडो सामान्य वाचक चिठ्ठ्यांवर शब्दांचे दाखले उतरवून टपालाने पाठवीत होते. १८५७ साली निघालेली ती कल्पना १९२८ साली पूर्णत्वास गेली. विकिपीडियाने चिठ्ठीवाल्यांनाच संपादकाच्या खुर्चीत बसवले, एवढेच.

आता प्रश्न असा, की जगातले सगळे विषय सोडून या मंडळींनी रस्तेच का घेतले? याचे उत्तर अमेरिकेच्या इतिहासात आहे. तिथे मोटारी आल्या तेव्हा रस्त्यांना आकडे नव्हते, नावे होती. हौशी मंडळे एखादा मार्ग ठरवीत, त्याला भारदस्त नाव देत आणि खांबांवर रंगाचे पट्टे ओढीत. एकाच खांबावर चारचार रंग! प्रवासी पार चक्रावून जाई. १९१८ साली विस्कॉन्सिन राज्याने प्रथम रस्त्यांना क्रमांक दिले. पाठोपाठ १९१९ साली शेजारच्या मिशिगनने. ११ नोव्हेंबर १९२६ रोजी सबंध देशाची क्रमांकपद्धती मंजूर झाली.

त्या आकड्यांवरूनही भांडणे झाली. पुढे जगप्रसिद्ध झालेल्या शिकागो ते लॉस एंजेलिस या मार्गाला ओक्लाहोमातले सायरस एव्हरी ६० हा क्रमांक मागत होते. शेवटी शून्य असलेले आकडे देश ओलांडणाऱ्या प्रमुख मार्गांचे. तेव्हा केंटकी राज्याचे गव्हर्नर बिथरले. आमच्या राज्याला एकही शून्याचा रस्ता नाही, साठ आम्हांला हवा! एव्हरींच्या पक्षापुढे ६२ ठेवला गेला. तो पक्षाला रुचेना. अखेर ३० एप्रिल १९२६ रोजी मिसुरीतल्या स्प्रिंगफील्ड गावाहून तार गेली, की ६२ पेक्षा ६६ बरा. दोन सहांचा तो आकडा पुढे गाण्यांत, कादंबऱ्यांत, चित्रपटांत जाऊन बसला. १९८५ साली तो मार्ग सरकारी यादीतून उतरवला, पण लोकांच्या मनातून उतरला नाही. ज्या देशात आकड्यासाठी गव्हर्नर हमरीतुमरीवर येतात, त्या देशात आकड्यांचे वेड लागलेली मुले निपजावीत हे ओघानेच आले.

अशी मंडळी विकिपीडियाच्या पहिल्या काही वर्षांतच एकत्र जमली. त्यांनी अमेरिकी रस्त्यांचा एक गट केला आणि काम वाटून घेतले. प्रत्येक लेखाचे तीन भाग ठरले. पहिला मार्गवर्णनाचा : रस्ता कोठून निघतो, कोणत्या गावाच्या कोणत्या अंगाने जातो, कोठे नदी ओलांडतो. दुसरा इतिहासाचा : केव्हा झाला, केव्हा वळवला, जुना तुकडा कोणाच्या पदरी टाकला. तिसरा तक्ता : कोणत्या मैलावर कोणता रस्ता येऊन मिळतो. डोक्यावर त्या राज्याच्या पाटीचे हुबेहूब चित्र. ही चित्रेही हौशींनीच सरकारी मापे पाहून काढली. मी आयुष्यभर पाट्यांची आणि पुलांची मापे आखली आहेत. एका पाटीत किती डोळेफोड असते ते मला विचारा! लेख पुरा झाला की इतर जण तो तपासायला बसत. हे वाक्य ढिले, या विधानाला आधार नाही, हा तक्ता नकाशाशी जुळत नाही. अशा अग्निदिव्यातून जे लेख उतरत त्यांतल्या निवडकांच्या माथ्यावर कांस्याचा एक छोटा तारा लागे. बक्षीस म्हणाल तर तेवढेच. असे करता करता या गटाच्या पंखाखाली दहा हजारांहून अधिक लेख झाले.

माणसे जमली की भांडण आलेच. २००६ साली या गटात नावावरून युद्ध पेटले. एक पक्ष म्हणे, लेखाचे नाव 'कॅलिफोर्निया राज्य मार्ग १' असे असावे. दुसरा म्हणे, रस्त्याचे नाव नुसते 'राज्य मार्ग १'. कॅलिफोर्निया कंसात टाका. तुम्ही हसाल. मीही हसलो. पण एकाने रात्री नाव बदलावे, दुसऱ्याने सकाळी परत फिरवावे, असे शेकडो लेखांवर चालले, आणि प्रकरण थेट कोशाच्या लवाद समितीपुढे गेले. समितीने भांडखोरांना समज देऊन एकमताने काय ते ठरवा म्हणून सांगितले. मग रीतसर मतदान झाले आणि राज्याचे नाव पुढे लिहिणारा पक्ष जिंकला. हरलेल्यांपैकी कित्येकांनी मुकाट्याने जिंकलेल्यांच्या पद्धतीने नावे बदलायला हात लावला. केंटकीच्या गव्हर्नरांची गोष्ट वाचल्यानंतर मला यात पोरखेळ दिसेना. ज्याच्यावर जीव असतो त्याच्या नावासाठीच माणूस भांडतो. आपल्याकडे बारशाला काय होते?

परंतु खरी कसोटी पुढे होती, आणि ती नावाची नव्हती. ती पुराव्याची होती.

या कोशाचे घर ज्या खांबांवर उभे आहे त्यांतला एक असा, की लिहिणाऱ्याने स्वतःचे संशोधन आणू नये. दुसऱ्याने प्रसिद्ध केलेल्या विश्वसनीय मजकुराचा आधार द्यावा. आणि एखाद्या विषयावर स्वतंत्र लेख हवा असेल, तर त्याची दखल तिऱ्हाइताने बऱ्यापैकी घेतलेली असावी. मोठ्या महामार्गांवर ग्रंथ असतात, वर्तमानपत्रे लिहितात. पण दोन खेड्यांना जोडणाऱ्या सहा मैलांच्या रस्त्यावर कोण लिहिणार? त्याचे साक्षीदार दोनच : सरकारी दप्तर आणि नकाशा. सरकारी खाते म्हणजे रस्त्याचा मालक, तो तिऱ्हाईत कसा? राहता राहिला नकाशा. १९३० च्या नकाशात रस्ता डोंगराच्या अलीकडून जातो आणि १९४० च्या नकाशात पलीकडून. मग 'या दहा वर्षांत रस्ता वळवला' असे लिहिणे म्हणजे पुराव्याचे वाचन की स्वतःचे संशोधन? यावर २०२३ साली कोशात मोठी खडाजंगी झाली. छोट्या रस्त्यांचे लेख काढून ते याद्यांत मिसळावेत असे प्रस्ताव येऊ लागले होतेच.

मी तोवर मायदेशी परतलो होतो, पण नातू फोनवरून बित्तंबातमी देत असे. एकदा त्याने विचारले, "आजोबा, तुम्ही नकाशे काढायचात ना? मग सांगा, नकाशा खोटे बोलतो का?"

हा प्रश्न त्याने दुसऱ्या कोणाला विचारला असता तर बरे झाले असते. मी त्याला जे सांगितले ते आजवर कोणाला सांगितले नव्हते. नोकरीच्या चौथ्या-पाचव्या वर्षी तालुक्याच्या रस्त्यांचा एक नकाशा माझ्या हातून ट्रेसिंगच्या कापडावर उतरला. एका ओढ्यावर पूल मंजूर झाला होता. फायलीवर शेरा होता, अंदाजपत्रक होते. मी काळ्या शाईने पुलाची दोन आखूड रेघांची खूण केली. त्या कापडावरून अमोनिया प्रिंट निघाल्या, त्यांवरून दुसरे नकाशे निघाले. पूल मात्र झालाच नाही. पैसे कोठे दुसरीकडे वळले. एकदा शाईने उमटलेले खोडायला वरून हुकूम लागतो, तो मी मागितला नाही. आधी विसरलो आणि मग लाजेखातर गप्प बसलो. अकरा वर्षे तो पूल कागदावर होता. त्या अकरा पावसाळ्यांत कोणी परका ड्रायव्हर त्या नकाशाच्या भरवशावर ओढ्यापर्यंत गेला असेल का, हा विचार अजूनही कधीकधी रात्री झोपू देत नाही.

"म्हणजे नकाशा खोटा?" नातवाने विचारले.

"नाही बाळ," मी म्हटले. "त्याच नकाशावर दुसऱ्या अडीचशे खुणा होत्या, त्या सगळ्या खऱ्या होत्या. आणि त्यांतल्या कित्येकांची नोंद जगात दुसऱ्या कोठेही नसेल."

माझे उत्तर इतकेच होते, आणि तो वादही अखेर इथेच अडला होता. दोन्ही पक्ष खरे होते. पुरावा मागणारा म्हणतो, एक न झालेला पूल सगळ्या कोशाला बुडवील. रस्तेवेडा म्हणतो, तुझ्या अटीपायी अडीचशे खरे रस्ते विस्मृतीत जातील. पहिल्याशिवाय कोश म्हणजे चावडीवरच्या गप्पा होतील. दुसऱ्याशिवाय तो फक्त थोरामोठ्यांचा होईल.

निकाल लागला तो आपल्या भाऊबंदकीसारखा. २०२३ सालीच या गटातली बरीचशी मंडळी घर सोडून निघाली आणि ए.ए. रोड्स या रस्तेवेड्यांच्याच एका जुन्या ठिकाणाच्या आश्रयाने त्यांनी रस्त्यांचा वेगळा कोश मांडला. या वाटणीची मौज अशी की तीत दोघांनाही सबंध घर मिळते. विकिपीडियातला मजकूर, लेखकांचे श्रेय आणि परवान्याची अट राखून, कोणालाही उचलून नेता येतो. तेव्हा लेख जुन्या घरातही राहिले आणि नव्या घरातही गेले. वाटणी झाली ती माणसांची. इकडे लेख आहेत पण त्यांची रोज गटारे उपसणारे हात कमी झाले. तिकडे हात आहेत पण वाटसरूंची वर्दळ तेवढी नाही. वडिलांनी पेन्शन घेतल्यावर त्यांच्या तुकड्यावर बरेच दिवस कोणी नेमले गेले नव्हते. पहिला पावसाळा रस्त्याने सोसला. दुसऱ्याला कडा ढासळू लागल्या. रस्ता काय किंवा लेख काय, राखणदार गेल्याचे लगेच कळत नाही.

हे सारे परक्या देशाचे झाले. आपल्याकडे २०१० साली राष्ट्रीय महामार्गांचे क्रमांक सरसकट बदलले. पुणे-बंगळूर रस्त्याचा ४ जाऊन ४८ आला. पनवेलहून कोकणातून गोव्याकडे जाणाऱ्या १७ नंबरला आकडा मिळाला तो नेमका ६६! नातवाला सांगितले तर त्याचा विश्वास बसेना. शिवाय आपल्याकडे दक्षिणोत्तर रस्त्यांना सम आकडे. त्याचे गाडीतले सगळे गणित उलटे. अशा वेळी जुना क्रमांक कोणता, नवा कोणता, कोणता तुकडा कोणात गेला, हे कोणीतरी बसून लावावेच लागते. इंटरनेटवरच्या कोशातले लेखही नव्या आकड्यांखाली नव्याने लावावे लागले. मराठी विकिपीडिया १ मे २००३ पासून, म्हणजे महाराष्ट्र दिनापासून, चालू आहे. त्यात आपल्या घाटरस्त्यांबद्दल लिहायला किती वाव आहे हे सांगायला नको.

म्हणून गेल्या वर्षी मीही लिहायला बसलो. कुंभार्ली घाटावर एक परिच्छेद लिहिला. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, त्याबद्दलचा. पायथ्याच्या आमच्या घराची कौले खडखडली, भिंतीला भेग गेली. सगळे अंगणात आलो. वडिलांनी आम्हांला मोजले, कंदील पेटवला, त्याला तांबडे फडके गुंडाळले आणि ते घाटाकडे निघाले. आई ओरडली, "अहो, कुठं चाललात?" ते म्हणाले, "माझा तुकडा बघून येतो." दोन ठिकाणी दरडीचे दगड रस्त्यावर आले होते. उजाडेपर्यंत ते वळणावर कंदील हलवीत उभे राहिले आणि त्यांनी वरून येणारे दोन ट्रक थांबवले. सकाळी घरी आले, चहा प्याले आणि पहार घेऊन परत गेले.

परिच्छेद पुरा झाला. आता फक्त शेवटचे बटण दाबायचे होते. तेवढ्यात मनात त्या अमेरिकी रस्तेवेड्यांचा प्रश्न उभा राहिला : आधार काय? वर्तमानपत्रात छापून आले? नाही. सरकारी दप्तरात नोंद? असली तरी मला ठाऊक नाही. सांगणारा कोण? खुद्द मुलगा. मी बटण दाबले नाही. एक न झालेला पूल मी एकदा नकाशावर काढला आहे. पुन्हा माझ्या शब्दावर कोणी विसंबावे, असे म्हणण्याचा धीर मला झाला नाही, जरी हा पूल मी माझ्या डोळ्यांनी पाहिला असला तरी.

मात्र तेव्हापासून मी पुरावा शोधतो आहे. एखादे जुने मस्टर, एखादा बक्षिसाचा कागद, त्या ट्रकवाल्यांपैकी कोणाच्या घरची आठवण. वाचकांपैकी कोणाच्या माळ्यावर त्या घाटाचे असे काही कागद असतील तर ते रद्दीत घालू नका, एवढीच विनंती. तोवर ही हकीकत या अंकात असू द्यावी. नातवाला हे फोनवर सांगितले तेव्हा तो क्षणभर गप्प राहिला आणि म्हणाला, "आजोबा, पण आता हे छापून येईल. म्हणजे आधार झालाच की!"

मी म्हटले, "नाही रे. लिहिणारा त्यांचा मुलगा आहे, हे विसरू नकोस. दुसरा साक्षीदार मिळू दे."